ओक ग्रोव्हवर पहिला डाव: जगातल्या पहिल्या डिस्क गोल्फ कोर्सच्या जमेच्या आणि उण्या बाजू

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क आहे. त्याच्या उत्तरेला नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, दक्षिणेला १९२० साली बांधलेलं डेव्हिल्स गेट धरण आणि २१० क्रमांकाचा फ्रीवे, आणि मधोमध अरोयो सेको हा वर्षातला बराच काळ कोरडा असणारा ओढा. ओढ्याच्या पश्चिमेकडच्या ओकच्या राईत ओक ग्रोव्ह हा डिस्क गोल्फ कोर्स आहे. १९७५ साली तयार झालेला हा जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स. १८ होल आहेत, खेळायला तिकीट नाही.

खेळ थोडक्यात असा: ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये डिस्क पडली की होल संपला. कमीत कमी फेकींत १८ होल पुरे करायचे. बहुतेक होलना तीन फेकी धरलेल्या असतात, म्हणजे पार ३.

नवखा माणूस इथे येतो तेव्हा त्याला दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. कुणी म्हणतं, जुनाट आहे, आखूड आहे, धूळ आहे, माणसंच फार. दोन्ही मतं खरी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. ते आधी समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

पहिली पायरी: कोर्स कोणत्या डिस्कसाठी आखला गेला ते ओळखा

कोर्स आखणारे एड हेडरिक हे व्हॅम-ओ या फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होते. फ्रिस्बीच्या पाठीवर गोलाकार रेघा घालून तिचं उडणं स्थिर करणारं पेटंट त्यांचंच. १९७५ मध्ये ओक ग्रोव्हवर बास्केट नव्हत्या, नुसते खांब होते. खांबाला डिस्क लागली की नाही, यावर वाद होत. त्यातून साखळ्या आणि खाली जाळीचं ताट अशी बास्केट आली. तिचं पेटंट १९७७ चं. दरम्यान १९७६ मध्ये हेडरिक यांनी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन स्थापन केली होती. आजही नियम याच संस्थेचे चालतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष मात्र १९८३. त्या वर्षी कडेला निमुळती केलेली डिस्क आली. त्याआधी लोक झाकणासारख्या गोल, बोथट कडेच्या फ्रिस्बीनेच खेळत. बोथट कड हवा जास्त अडवते, त्यामुळे डिस्क हळू जाते, तरंगते, आणि फार लांब पोचत नाही. निमुळती कड हवा कापत जाते. तरबेज खेळाडू आज १०० मीटरच्या पलीकडे सहज फेकतात.

ओक ग्रोव्हची आखणी बोथट कडेच्या काळातली. म्हणून अंतरं बेताची आणि झाडं जवळजवळ, त्यातच पायवाटाही फेअरवेला, म्हणजे टी आणि बास्केटमधल्या खेळायच्या पट्ट्याला, खेटून गेलेल्या. ज्याची फेक जेमतेम ५० मीटर जाते त्याला ही जागा मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते. ज्याच्या हातात ताकद आहे आणि पिशवीत नव्या धाटणीचे ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या डिस्क, आहेत, त्याला ती तोकडी वाटते. शिवाय त्याची चुकलेली फेक फेअरवे ओलांडून थेट पायवाटेवर जाते. पुढे जे जे सांगितलं आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं: जागा ज्या वेगासाठी बनली आहे त्या वेगाने खेळा.

दुसरी पायरी: डिस्क तीनच घ्या, आणि रंग पाहून घ्या

डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेग, दुसरा तरंगणं, तिसरा सुरुवातीला उजवीकडे झुकण्याचा कल, चौथा वेग कमी झाल्यावर डावीकडे पडण्याचा कल. (हे उजव्या हाताने, बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढत फेकणाऱ्यासाठी. डावखुऱ्याने दिशा उलट धराव्यात.) तिसरा आकडा जितका उणे असेल तितकी डिस्क नवख्याला सोयीची, कारण कमी वेगातही ती सरळ जाते.

पहिल्या दिवसासाठी हा संच पुरतो:

- एक पटर. इनोव्हा कंपनीची एव्हिआर घ्या: २, ३, ०, १. बास्केटजवळच्या फेकी हिच्यानेच, आणि ओक ग्रोव्हवर टीवरूनही कितीतरी वेळा हीच.
- एक मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची. डिसक्राफ्ट कंपनीची बझ: ५, ४, -१, १. जशी सोडाल तशी जाते, त्यामुळे चूक लपत नाही.
- एक फेअरवे ड्रायव्हर. इनोव्हाची लेपर्ड: ६, ५, -२, १.

वजन १५० ते १७० ग्रॅमच्या दरम्यान असू द्या. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, म्हणजे २१.२ सेंटिमीटरच्या पटरला साधारण १७६ ग्रॅम. पण जड घेतली म्हणजे लांब जाईल असं नाही. हलकी डिस्क कमी ताकदीत वेग धरते.

वेग १२ किंवा १३ लिहिलेला डिस्टन्स ड्रायव्हर घेऊ नका. दुकानात तोच सगळ्यात आकर्षक दिसतो आणि नवख्याच्या हातात तोच सगळ्यात वाईट उडतो. त्याला जितका वेग लागतो तितका मिळाला नाही की तो लगेच डावीकडे वळतो आणि जमिनीवर आपटतो. नवखा समजतो, जोर कमी पडला. मग आणखी जोर लावतो, खांदा लवकर उघडतो, आणि डिस्क उजवीकडच्या झाडांत जाते. दोन्ही बाजूंची झाडं मोजून होतात, बास्केट राहते बाजूला.

प्लास्टिक दोन प्रतींचं मिळतं. साधं स्वस्त असतं, हाताला धरायला बरं, पण लवकर झिजतं. महागडं टिकतं. ओक ग्रोव्हची जमीन उन्हाळ्यात कडक आणि रेताड असते, मुळं वर आलेली असतात. तिथे साध्या प्लास्टिकची कड खडबडीत होते, आणि कड झिजली की डिस्क आधीपेक्षा जास्त उजवीकडे झुकू लागते. म्हणून पटर साध्या प्लास्टिकची आणि ड्रायव्हर महागड्या प्लास्टिकचा, हा हिशेब इथे बसतो.

रंग हा हौसेचा विषय नाही. ओकची वाळकी पानं तपकिरी, जिवंत पानं गडद हिरवी, माती पिवळसर. हिरवी, तपकिरी, पिवळी किंवा लाल डिस्क या पार्श्वभूमीवर पाच मीटरवरून दिसत नाही. गुलाबी आणि फिकट निळी सगळ्यात लवकर सापडते. डिस्कच्या आतल्या बाजूला न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाव आणि फोन नंबर लिहा. सापडलेली डिस्क फोन करून परत द्यायची रीत या खेळात आहे, पण नंबर नसेल तर परत द्यायची कुणाला?

तिसरी पायरी: वेळ निवडा

पायथ्याशी असल्यामुळे उन्हाळ्यात दुपारी तापमान ३५ अंशांच्या वर जातं. ओकची सावली आहे हे खरं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या उघड्याबोडक्या कोर्सांच्या तुलनेत ही मोठी जमेची बाजू आहे. तरी जून ते सप्टेंबर सकाळी लवकर जाणं शहाणपणाचं. दोघांना १८ होल खेळायला दीड ते दोन तास लागतात, नवख्यांना त्याहून जास्त. माणशी किमान दीड लिटर पाणी बरोबर ठेवा.

शनिवार-रविवारी गर्दी असते. पार्कात सहली असतात, फिरायला आलेली मंडळी असतात, आणि कोर्स प्रसिद्ध असल्यामुळे बाहेरगावचे खेळाडूही येतात. नवख्याला मागे लोक खोळंबलेले असताना खेळणं अवघड जातं, घाई होते. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस बघा. मात्र सकाळी ओक ग्रोव्ह ड्राइव्हवर प्रयोगशाळेत कामावर जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, तो वेळ टाळा.

शरद ऋतूत सांता आना वारे सुटतात, कोरडे आणि झोताझोताने येणारे. वाऱ्याचा नियम लक्षात ठेवा. समोरून वारा असेल तर डिस्क जास्त उजवीकडे झुकते आणि वर उचलली जाते. मागून वारा असेल तर लवकर डावीकडे पडते. समोरच्या वाऱ्यात खाली आणि हळू फेकायचं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण खालून गेलेल्या डिस्कला वारा कमी लागतो.

चौथी पायरी: टीवर उभं राहून पाहा, फेकू नका

होलच्या पाटीवर अंतर फुटांत असतं. मीटर काढायची सोपी रीत: तीनने भागा आणि आलेल्या आकड्याचा दहावा हिस्सा कमी करा. ३०० फूट म्हणजे १०० उणे १०, म्हणजे ९० मीटर.

मग चार गोष्टी पाहा. बास्केट दिसते का? दिसत नसेल तर एकाने पुढे जाऊन, झाडाआड सुरक्षित उभं राहून डिस्क कुठे पडते ते पाहायचं. फेअरवेला कुठली पायवाट छेद देते? फांद्या जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात? आणि बास्केटच्या मागे काय आहे, सपाटी की उतार?

या कोर्सवर तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इथला कोस्ट लाइव्ह ओक उंच वाढत नाही, पसरतो. आडव्या फांद्या खाली येतात. पाइनच्या राईत खेळताना खोडं चुकवायची असतात. इथे छत चुकवायचं असतं. डोक्यावरून तरंगत जाणारी फेक मोकळ्या मैदानावर छान दिसते, इथे ती पहिल्या फांदीला लागून तिथेच पडते. म्हणून ओक ग्रोव्हवर शिकायची पहिली फेक म्हणजे छातीच्या उंचीवरून निघून दोन-तीन मीटरच्या वर न जाणारी, सरळ, आडवी फेक. ती जमली तर कुठल्याही झाडीच्या कोर्सवर निभावतं.

झाडांमधल्या फटी मोजा आणि सगळ्यात रुंद फट निवडा, भले ती बास्केटच्या थेट रेषेत नसो. बास्केटकडे थेट जाणारी दीड मीटरची फट आणि जरा बाजूने जाणारी चार मीटरची फट यांत नवख्याने दुसरीच घ्यावी. झाड न लागता बाजूला पडलेल्या डिस्कवरून तीन फेकींत होल संपतो. टीपासून दहा मीटरवर झाडाला लागून पडलेल्या डिस्कवरून चार-पाच लागतात.

कोर्स जुना आहे, वाटा एकमेकांना कापून जातात, आणि पुढची टी कुठे हे पहिल्या खेपेला चटकन कळत नाही. ही खरी उणी बाजू. फोनवर यूडिस्क ॲप घेऊन नकाशा उघडा ठेवा किंवा पुढच्या गटाच्या मागे अंतर राखून चालत राहा.

पाचवी पायरी: उभ्या जागेवरून फेक

धावत येऊन फेकणं पहिल्या महिन्यात विसरा. या अंतरांना त्याची गरज नाही, आणि मुळांवर व ओकच्या फळांवर पाय घसरतो. शरदात ही फळं खाली पडतात तेव्हा टीवरची जागा आधी पायाने झाडून घ्या.

फेक अशी:

१. बास्केटकडे उजवा खांदा करून आडवे उभे राहा. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे थोडे मोडलेले.
२. चार बोटं डिस्कच्या कडेखाली आतून, अंगठा वर. पकड घट्ट हवी, पण मनगट कडक नको.
३. वजन मागच्या पायावर नेत डिस्क मागे न्या. नजर काही क्षण बास्केटवरून सुटते, सुटू द्या.
४. डिस्क छातीला लागून, एका सरळ रेषेत पुढे ओढा. कोपर आधी येतं, मग हात, सगळ्यात शेवटी मनगट.
५. सोडताना डिस्कचं पुढचं टोक किंचित खाली. सोडल्यावर हात थांबवू नका, अंग फिरू द्या.

आता बिघाड. डिस्क वर चढते, थांबते आणि डावीकडे कोसळते: पुढचं टोक वर आहे. अंगठा कडेकडे सरकवा आणि किल्ली फिरवताना हात जसा वळतो तसं मनगट थोडं खाली वळवा. डिस्क नेमाने उजवीकडे जाते: ओढताना ती छातीभोवती अर्धगोल फिरते आहे आणि उशिरा सुटते आहे. मागे नेताना ती पाठीमागे लपू देऊ नका. डिस्क थरथरत उडते: फिरकी कमी, म्हणजे पकड सैल किंवा मनगट काम करत नाही. लांब जात नाही पण सरळ जाते: काही बिघडलेलं नाही, असंच चालू द्या. ताकद शेवटी येते आणि आपोआप येते. ज्यांना आधी ताकद हवी असते त्यांची दिशा वर्षभर सुधारत नाही.

सहावी पायरी: झाडांत गेल्यावर

जाणारच. नवख्याचा डाव इथेच बिघडतो, डिस्क झाडांत गेली म्हणून नव्हे, तिथून त्याने काय केलं म्हणून.

नियम आधी. डिस्क जिथे थांबली तिच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब असा चौकोन धरायचा. फेकताना एक पाय (किंवा गुडघा) त्या चौकोनात टेकलेला हवा, आणि बास्केटच्या बाजूला डिस्कच्या पुढे काहीही टेकता कामा नये. दुसरा पाय मागे कुठेही चालतो. गुडघ्यावर बसून फेकता येतं, आणि या खाली झुकलेल्या फांद्यांखाली तेच बऱ्याचदा सोयीचं पडतं. फांदी मोडायची नाही, बांधायची नाही, मागे खेचून धरायचीही नाही. डिस्क फांदीवर अडकली तर तिच्या बरोबर खालची जमीन ही तुमची जागा. जमिनीपासून दोन मीटर किंवा त्याहून उंच अडकली तर दंडाची एक फेक, असा नियम स्पर्धेत आयोजकाने जाहीर केला असेल तरच लागतो. शोधायला ३ मिनिटं मिळतात. नाही सापडली तर दंडाची एक फेक आणि मागच्या जागेवरून पुन्हा.

आता खेळ. झाडांच्या आत असताना बास्केटकडे पाहू नका, बाहेर पडायची सगळ्यात रुंद वाट पाहा. पटर घ्या, खालून हलकेच फेअरवेवर काढा. एक फेक गेली, होल हातात राहिला. पानांच्या भोकातून ४० मीटरची करामत करायला जाल तर तीन फेकी जातात. उजव्या हाताने फोअरहँड, म्हणजे चेंडू सपाट थापटावा तशी तळहात पुढे असलेली फेक, इथे फार उपयोगी पडते. ती बॅकहँडच्या उलट, शेवटी उजवीकडे वळते, आणि मागे हात न्यायला जागा नसतानाही करता येते. २० मीटरपर्यंतची फोअरहँड आधी शिकून घ्या.

झुडपात हात घालण्याआधी पाहा. इथे पॉइझन ओक हे खाज आणणारं झुडूप आहे: तीन-तीन पानांचे गुच्छ, कडा ओकच्या पानासारख्या वळणावळणाच्या, वसंतात चकचकीत हिरवी, उन्हाळ्याअखेर तांबडी. हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या उरतात आणि त्याही तितक्याच तापदायक. त्याचं तेल कातडीला लागलं की एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं आणि आठवडा-दोन आठवडे खाज राहते. तेल डिस्कवरही बसतं, आणि तीच डिस्क दिवसभर हातात फिरते. रॅटलस्नेक हे विषारी सापही या टेकड्यांत असतात, उन्हाळ्याच्या दिवसांत जास्त दिसतात. उंच गवतात आणि दगडांच्या फटीत हात घालण्यापेक्षा काठीने डिस्क ओढून घ्या. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर डिस्क सोडून द्या, नवी वीस डॉलरच्या आत मिळते.

सातवी पायरी: बास्केटपासून १० मीटरच्या आत

या वर्तुळात फेकल्यावर तोल सांभाळून उभं राहायचं आणि मगच पुढे पाऊल टाकायचं, असा नियम आहे. नवखे तो विसरतात आणि फेकीबरोबरच पुढे जातात.

आखूड कोर्सवर गुण इथेच मिळतात किंवा जातात. टीवरून ६० मीटर आणि ७५ मीटर यांतला फरक ओक ग्रोव्हवर बऱ्याचदा काहीच देत नाही. पाच मीटरवरून दहापैकी पाच पडतात की नऊ, यावर मात्र सगळा डाव ठरतो. सराव करायचा तर पाच मीटरवरूनच करा, दहावरून नको. साखळ्यांच्या मध्यावर नव्हे, मध्यापासून जरा उजवीकडे नेम धरा, कारण वेग गेल्यावर डिस्क डावीकडे येते. एकाच साखळीकडे पाहा, पूर्ण बास्केटकडे पाहिलं की हात मोघम चालतो.

डिस्क ताटात किंवा साखळ्यांत टेकून राहिली तर होल पुरा. बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली तर नाही.

कडक जमिनीचा त्रास इथे सर्वांत जास्त. चुकलेली डिस्क कडेवर पडली की चाकासारखी घरंगळत जाते, उतार असेल तर पाच मीटरची फेक पंधरा मीटरची होते. बास्केटमागे उतार दिसला तर डिस्क सपाट आणि मऊ फेका. जोरात साखळ्यांवर मारणं हे हिरवळीच्या कोर्सवर परवडतं. पावसानंतरच्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मार्च, जमीन मऊ असते आणि हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. नवख्याला आम्ही हेच महिने सुचवू.

आठवी पायरी: वाट सगळ्यांची आहे

या पार्कात घोडेस्वार, सायकलवाले, धावणारे आणि कुत्री घेऊन फिरणारे सगळे असतात. बऱ्याच जणांना आपण खेळाच्या मैदानातून चालतो आहोत हे ठाऊक नसतं. पायवाटेवर कुणीही दिसलं तर फेकायचं नाही, ते पूर्ण पुढे जाईपर्यंत. हात करून जायला सांगा. डिस्क सुटल्यावर कुणी दिसलं तर जोरात ‘फोर!’ म्हणून ओरडायचं.

घोडा जवळ असेल तर साखळ्यांचा आवाजही करू नका. उडती चकती आणि लोखंडाचा खळखळाट यांनी घोडा बुजतो, आणि पडलेल्या स्वाराची जबाबदारी तुमच्यावर येते. शांत उभे राहा, स्वाराला दिसाल असे.

गटात चारांहून जास्त जण नकोत. मागचा गट वेगवान असेल तर टीवर बाजूला होऊन त्यांना पुढे सोडा. याला कमीपणा समजत नाहीत, उलट मागे चौघे ताटकळत ठेवून सराव फेकी करणाऱ्याचीच चर्चा होते. बास्केटपासून जो सर्वांत लांब त्याने आधी फेकायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं. फांद्यांवरून उसळलेली डिस्क कुठेही येते, बाजूला उभा राहणारा सुरक्षित नसतो.

मग कोर्स कुणासाठी?

चालायला आवडणाऱ्या, डिस्क नुकती हातात घेतलेल्या माणसासाठी उत्तम. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांनाही एक पटर द्या. सावली आहे, अंतरं बेताची आहेत, मध्येच थांबायचं ठरवलं तर कुणी हरकत घेत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना १४० ते १५० ग्रॅमची डिस्क द्या आणि टीऐवजी फेअरवेच्या मध्यापासून सुरुवात करू द्या. ढकलगाडी मात्र आणू नका, मुळांवर आणि रेतीत चाकं अडकतात.

अचूकपणा शिकायला हा कोर्स फार चांगला. लांब फेक शिकायला नाही. इथेच खेळत राहिलेल्याची फेक आखडते, खालून आणि सावधपणे फेकायची सवय जडते. म्हणून डिस्क हातात बसली की ला मिराडा रिजनल पार्कातल्यासारख्या जास्त मोकळ्या, गवताळ कोर्सवरही जावं आणि ड्रायव्हर तिथे शिकावा. फ्रीवेचा आवाज ज्यांना खुपतो त्यांना इथला दक्षिणेकडचा भाग आवडणार नाही, त्याला इलाज नाही. धूळ कोरड्या महिन्यांत असतेच. पिशवीला एक जुना रुमाल अडकवा आणि प्रत्येक फेकीआधी डिस्कची कड पुसा, कारण रेतीचा पातळ थरही पकड सोडवतो.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी बास्केटची वाट पाहू नये. १९७५ मध्ये ओक ग्रोव्हवरही ती नव्हती. एखाद्या रिकाम्या मैदानावर किंवा टेकडीवर सहा झाडं निवडा, ४० ते ६० मीटरचं अंतर ठेवा, खोडाला छातीच्या उंचीवर डिस्क लागली की होल पुरा धरा. आंब्यासारखं खाली झुकलेल्या फांद्यांचं झाड वाटेत असेल तर ओकचाच सराव होतो. सकाळच्या फिरणाऱ्यांची वेळ सोडून खेळा.

डाव संपल्यावर

गाडीत बसण्याआधी डिस्क मोजा. तीन आणल्या, तीन आहेत का? नसेल तर शेवटच्या दोन होलवर पाहून या, बहुतेक वेळा ती बास्केटजवळच्या गवतात राहिलेली असते. कागदावर होलवार फेकी लिहिल्या असतील तर जिथे पाच किंवा जास्त लागल्या त्यांपुढे कारण लिहा: फांदी, घरंगळ, पाच मीटरची चूक. पुढच्या खेपेला सराव कशाचा करायचा ते त्यावरून कळतं.

घरी गेल्यावर हात, पोटऱ्या आणि डिस्क थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. आधी गरम पाणी नको. पॉइझन ओकचं तेल जितक्या लवकर निघेल तितकं बरं. कपडे आणि रुमाल वेगळे धुवायला टाका, आणि बुटांच्या लेस विसरू नका.